पेरुथचं सॉफ्टवेअर

परवाना संपणार आहे हे आम्हाला कोणी कळवलंसुद्धा नाही. एका सोमवारी सकाळी मुलं प्रयोगशाळेत गेली, मशीन चालू केली, आणि चिप आखायचं सॉफ्टवेअर उघडेना. पडद्यावर एवढंच आलं की मुदत संपली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. युरोपातल्या कुठल्याशा प्रकल्पातून ते आलं होतं. प्रकल्प आटोपला, पाहुणे फोटो काढून गेले आणि त्यांच्यामागोमाग सॉफ्टवेअरही गेलं. आमच्या म्बारारा शहरातल्या विद्यापीठाला याचं नवल नव्हतं. पाण्याचा पंप असाच आला होता आणि असाच बंद पडला होता.

चिप आखायचा विषय पेरुथ कोबुसिंग्ये शिकवायची. आमच्या दोघांची टेबलं एकाच खोलीत आहेत. माझा विषय मोटरी आणि ट्रान्सफॉर्मर, त्याला परवाना लागत नाही. पेरुथ बाहेर शिकून, डॉक्टरेट घेऊन परत आलेली. तिच्या बरोबरीचे सगळे तिकडेच राहिले, ही एकटी परतली, आणि का परतली हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. बाई कडक. उत्तर बरोबर आलं तर मान हलवायची, चुकलं तर कारण विचारायची. शाबासकी देताना तिला मी फारसं पाहिलेलं नाही.

विभागप्रमुख म्वेसिग्वा सरांचं म्हणणं पडलं की दुसरा कोणी दाता मिळेपर्यंत फळ्यावर शिकवावं. पेरुथनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी अमोसला बोलावलं.

अमोस तुगुमे तिचाच विद्यार्थी. इसिंगिरोकडच्या केळीच्या बागांतून आलेला, अंगानं काटक आणि तोंडानं मिस्कील. पदवी झाल्यावर पेरुथनंच शब्द टाकून त्याला साहाय्यक म्हणून लावून घेतलं होतं. प्रयोगशाळेच्या किल्ल्या आणि मशीनचे पासवर्ड त्याच्याकडे असायचे. ती त्याला म्हणाली की फुकट मिळणारं सॉफ्टवेअर जगात आहे, लोकांनी मिळून लिहिलेलं, कोणाच्या बापाला विचारावं लागत नाही. फक्त ते आपल्याला बांधावं लागेल.

बांधावं लागेल म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. तयार मिळतं ते नव्या मशीनसाठी. आमची मशीन जुनी, त्यांच्यावरची सिस्टिमही जुनी, आणि नवी टाकली तर मशीन धापा टाकायची. मग एकच वाट उरली. मूळ कोड, म्हणजे लेखकांनी लिहिलेला मजकूर, जसाच्या तसा आणायचा आणि आपल्या मशीनवर आपणच कंपाइल करून त्यातून चालणारं सॉफ्टवेअर उभं करायचं. पण त्या कोडाला दुसऱ्या दहा जणांचे कोड लागतात, त्या दहांना आणखी कोणाचे, आणि प्रत्येकाची आवृत्ती जमली नाही तर सगळंच अडतं.

पहिलं घोडं अडलं ते नेटवर. आमच्या आवारातलं नेट असं की अर्धा कोड उतरायचा, तुटायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. शेवटी अमोस बसनं राजधानीला, कंपालाला गेला, एका मित्राच्या ऑफिसात बसून सगळं डिस्कवर भरून घेऊन आला. येताना वाटेत कोणीतरी त्याच्या मांडीवर कोंबडी ठेवली, ती त्यानं म्बारारापर्यंत सांभाळली, हे त्यानं विभागात सगळ्यांना साभिनय सांगितलं. डिस्क मात्र त्यानं शर्टाच्या आत ठेवली होती.

मग ती दोघं कामाला लागली. दुपारी तास संपले की मला शेजारच्या दारातून त्यांचे आवाज ऐकू यायचे. एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांच्या तयार कोडाचा गठ्ठा, नाही म्हणून काम थांबायचं. ती आणावी, तर तिला दुसरी हवी असायची. कधी मशीनची मेमरी संपायची आणि अर्धा दिवस चाललेलं कंपाइल मुकाट्यानं मरायचं. कधी वीज जायची. एकदा मी चहा घेऊन आत गेलो तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांच्या ओळींवर ओळी सरकत होत्या आणि अमोस खुर्चीत मागे रेलून बघत होता.

"हे लग्नात देज मागणाऱ्या मुलीकडच्यांसारखं आहे, मॅडम," तो म्हणाला. "आधी म्हणतात गाई आणा. गाई नेल्या की म्हणतात, वासरं कुठायत? वासरं नेली की म्हणतात, या गाईंची शिंगं आखूड आहेत, परत न्या."

पेरुथ हसली. "आणि एवढं करून मुलगी नांदली तर बरं," ती म्हणाली.

तिला इतकं मोकळं हसताना मी त्या दिवसांतच पाहिलं. भाजलेल्या शेंगांची पुडी दोघांच्या मधे असायची, टरफलं कीबोर्डमध्ये जायची, आणि ती त्याला रागवायचीही नाही.

एका जागी मात्र ते काम जे अडलं ते अडलंच. सगळं जमून यायचं आणि शेवटाकडे, नेहमी त्याच ठिकाणी, थांबायचं. पेरुथनं लेखकांना विचारलं. तिकडून कोणीतरी दोन ओळींत उत्तर दिलं की तुमची सिस्टिम फार जुनी आहे, आम्ही ती आता बघत नाही. अमोसनं तो कोड उघडला आणि वाचत बसला. आठवडेच्या आठवडे वाचत राहिला. कोड दुसऱ्यांनी लिहिलेला, प्रचंड, कुठेही खुलासा नाही. शेवटी त्याला ती ओळ सापडली. त्या ओळीत जी सोय गृहीत धरली होती ती आमच्या जुन्या सिस्टिममध्ये नव्हतीच. पेरुथनं तिथं दुसरी तजवीज लिहिली, जुन्या आणि नव्या दोन्हींवर चालेल अशी, नीट तपासली आणि लेखकांकडे पाठवून दिली. त्यांनी ती मान्य करून मूळ कोडातच घातली. अशा दुरुस्तीखाली पाठवणाऱ्याचं नाव राहतं, तसं तिचं राहिलं.

चहाच्या वेळी तिनं ही बातमी सांगितली. म्वेसिग्वा सर म्हणाले, विद्यापीठाची मान उंच झाली. आम्ही सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. अमोसनंही केलं.

सॉफ्टवेअर चालू झालं. अमोसनं अशी युक्ती केली की एक आज्ञा दिली की ते प्रत्येक मशीनवर आपोआप बसावं. मुलं कामाला लागली, आणि त्यातल्या तिघांनी खरोखरची चिप आखायला घेतली. त्यांची म्होरकी तुशाबे नावाची मुलगी होती. तिच्या घरी लांब शिंगांच्या गाई, आणि बापाचा रोज डेअरीवाल्याशी वाद: दुधात पाणी आहे, नाही. तिच्या चिपेचं काम तेच होतं. कॅनमध्ये सळई बुडवली की दुधात पाणी किती ते सांगायचं, वाद नाही. परदेशातला एक कारखाना विद्यापीठांच्या छोट्या चिपा सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर एकत्र छापून द्यायचा, आणि त्यात आमच्या मुलांना जागा मिळाली. आराखडा पाठवायची तारीख ठरली. तुशाबेच्या बापानं विभागाला दुधाचा कॅन पाठवला. म्वेसिग्वा सर म्हणाले, यात पाणी आहे का ते आता कोणाला विचारायचं? त्या काळात आम्ही सगळे बरेच हसायचो.

मग देणगी आली. चिपेची सॉफ्टवेअरं विकणारी एक मोठी परदेशी कंपनी आफ्रिकेतल्या काही विद्यापीठांना आपलं सॉफ्टवेअर फुकट देणार होती. अर्ज कोणी करायचा, तर अमोसनं करावा असं म्वेसिग्वा सरांनी ठरवलं, कारण मशीनची माहिती त्याला होती. आम्हाला ते मिळालं. सोबत प्रयोगशाळेला नवा रंग, दारावर पाटी, आणि एका शिक्षकाला परदेशात प्रशिक्षण. प्रशिक्षणाला अमोस जाणार हेही ठरून गेलं.

विभागाच्या बैठकीत पेरुथनं विचारलं की परवाना किती दिवसांचा. दोन वर्षांचा, अमोस म्हणाला. त्यानंतर काय? म्वेसिग्वा सर म्हणाले की त्यानंतरचं त्यानंतर बघू, आलेल्या पाहुण्याला कोणी परत कधी जाणार ते विचारतं का. सगळे हसले. मग अमोसनं सांगितलं की मशीन पूर्ण पुसून नव्यानं तयार करायची आहेत आणि त्यांच्यावर दुसरं कुठलंही चिप आखायचं सॉफ्टवेअर असता कामा नये, ही कंपनीची अट आहे.

पेरुथ म्हणाली की मुलांचा आराखडा अजून पुरा व्हायचा आहे. कोपऱ्यातली दोन मशीन तशीच ठेवा, बाकी सगळी घ्या.

"कंपनीला चालणार नाही, मॅडम," अमोस म्हणाला. त्यानं हे खाली बघत, अगदी आदरानं म्हटलं.

मशीन पुसली त्या दिवशी पेरुथ प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. मी तिला खोलीत चल म्हणालो. ती आली नाही. अमोस एकेका मशीनपाशी बसायचा, काही टाइप करायचा, उठायचा, पुढच्या खुर्चीवर जायचा. तिच्याकडे त्यानं पाठच ठेवली होती. काम झाल्यावर त्यानं बाजूनं वाट काढत तिला नमस्कार केला आणि गेला. मुलांनी आपलं काम पेनड्राइव्हवर काढून घेतलं होतं, तेवढं उरलं.

समारंभ थाटात झाला. मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, कुलगुरूंचं भाषण, त्यावर आणखी कोणाचं भाषण. जेवणात मटोके म्हणजे शिजवलेली कच्ची केळी, बकरं आणि एशाब्वे, कारण पाहुण्यांना आमचं लोण्याचं कालवण खाऊ घातल्याशिवाय अंकोले मुलखात कुठलंच कार्य पुरं होत नाही. कंपनीच्या वतीनं नैरोबीहून गिताऊ नावाचे गृहस्थ आले होते. जेवताना ते पेरुथच्या आणि माझ्या मधे बसले. माणूस साधा, गप्पिष्ट. बोलता बोलता त्यांनी विचारलं की आधी मुलं कशावर काम करायची. पेरुथनं सांगितलं.

गिताऊंनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, सगळं मूळ कोडापासून बांधलंत? या मशीनवर? मला बघायचंय.

"ते पुसलं," पेरुथ म्हणाली. "तुमची अटच होती."

"आमची?" गिताऊ म्हणाले. "आमची असली अट कशाला असेल? आम्ही स्वतः ते फुकटवालं वापरतो बारीकसारीक कामांना. तुमच्याच अर्जात लिहिलं होतं, की आम्ही बाकी सगळं काढून प्रयोगशाळा फक्त तुमच्यासाठी ठेवू. मला वाटलं, तुमची मशीन कमी आहेत."

पाहुण्याचं ताट रिकामं दिसल्यावर तिनं त्यांना आणखी वाढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं अमोसला आमच्या खोलीत बोलावलं. मी उठायला लागलो तर म्हणाली, इसाया, तू बस. अमोस आला, उभाच राहिला.

"अट होती ना रे?" तिनं विचारलं.

त्यानं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "ती ओळ कोणी शोधली, मॅडम?"

"कुठली ओळ?"

"बघा. तुम्हाला आठवतही नाही."

तिला आठवलं तेव्हा तिचा चेहरा बदललेला मी पाहिला. तो बोलत राहिला, आवाज न चढवता. जगात कोणीही तो कोड उघडला तर तिथं तुमचं नाव दिसतं, माझं दिसत नाही. डिस्क मी आणली, कोड मी वाचला, प्रत्येक मशीनवर मी बसवला. आणि मुलं म्हणतात काय, पेरुथ मॅडमचं सॉफ्टवेअर. काही अडलं की म्हणतात, मॅडमना विचारलं का? मी त्यांना पासवर्ड देणारा माणूस.

"मग मला सांगायचंस," ती म्हणाली.

"तुम्हाला काय सांगणार? तुम्ही मला नोकरी लावलीत."

बाहेर व्हरांड्यात मुलं हसत होती.

"माझ्यावर राग होता, तो माझ्यावर काढायचा," पेरुथ म्हणाली. "त्या पोरांनी तुझं काय घोडं मारलं होतं?"

तो म्हणाला की त्यांचं काम नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल, थोडं इकडंतिकडं करावं लागेल.

"नाही उघडणार. तुला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. तो दाराकडे बघत उभा राहिला, मग जाऊ का म्हणाला, आणि गेला. आठवड्याभरात तो प्रशिक्षणाला परदेशी निघून गेला. मशीनवर काही बसवायला लागणारे नवे पासवर्ड त्याच्याकडेच होते. ते द्यावेत म्हणून त्याला दोन-तीनदा कळवलं, त्याचं उत्तर आलं की कंपनीची परवानगी घेऊन सांगतो. ती परवानगी कधी आली नाही, किंवा त्यानं मागितली नाही.

पेरुथनं स्वतःच्या लॅपटॉपवर ते सगळं पुन्हा बांधलं. वाट माहीत होती, म्हणून या वेळी लवकर झालं. तुशाबे आणि ती दोन मुलं शनिवार-रविवारी काकोबा वस्तीत पेरुथच्या घरी येऊन काम करायची, तिची बहीण त्यांना उकडलेली कणसं आणि दूध द्यायची. मीही एकदोनदा गेलो. आराखडा पुरा झाला. शेवटी कारखान्याला पाठवण्याआधी संपूर्ण चिपेची एक तपासणी करावी लागते, आणि ती काही लॅपटॉपला झेपेना. प्रयोगशाळेतल्या मशीनमध्ये निदान मेमरी वाढवून घेतलेली होती. इथं तपासणी निम्म्यावर यायची आणि मशीन गुदमरून सोडून द्यायचं. त्यांनी चिपेचे तुकडे करून तपासले. तुकडे सगळे बरोबर निघाले. पण कारखान्याला तुकडे नको होते. त्यांनी मुदत वाढवून मागितली, कारखान्यानं सभ्य शब्दांत नाही म्हटलं, तबकडीवर जागा वाट बघत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी तुशाबेनं लॅपटॉप मिटला. मुलं रडतील असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, दूध प्या. गार झालं तुमचं." पेरुथनं पेला उचलला, आणि तसाच हातात धरून बसली.

पुढच्या गोष्टी सांगण्यासारख्या फारशा नाहीत. नवं सॉफ्टवेअर झकास होतं, पण सुरू होताना ते दर वेळी दूरच्या कुठल्याशा मशीनला परवाना विचारायचं, आणि नेट नसलं की मुकं व्हायचं. आमच्याकडे नेट जितके दिवस असतं तितके दिवस मुलं शिकली. तुशाबे पास झाली आणि आता त्याच डेअरीत हिशेबाला बसते, तिचा बाप अजून भांडतो. अमोस परत येणार नाही अशी आम्ही पैज लावली होती. तो आला. चांगलं शिकून आला, मुलांना मन लावून शिकवलं, त्याला बढती मिळाली. वर्षभरानं कंपनीनं त्याला नैरोबीला बोलावून घेतलं. जाताना तो सगळ्यांना भेटला. पेरुथच्या टेबलापाशीही आला. तिनं त्याला बसायला सांगितलं, आईची तब्येत विचारली, बागेत केळी कशी आली विचारलं. आमच्याकडे वैऱ्यालाही एवढं विचारतात. तो थोडा वेळ थांबला, त्याला काहीतरी म्हणायचं होतं असं मला वाटलं. तिनं घड्याळाकडे बघितलं आणि तासाची वेळ झाली म्हणाली.

दोन वर्षं झाली आणि परवाना संपला. कंपनीची देणगी आता दुसऱ्या देशांकडे वळली होती. म्वेसिग्वा सर आमच्या खोलीत आले आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मुद्द्यावर आले. म्हणाले, ते तुम्ही बांधलं होतं ना, तेच पुन्हा बसवू या. तुम्हालाच जमेल.

"कोड फुकट आहे, सर," पेरुथ म्हणाली. "कोणीही उतरवून घ्यावा."

"मुलांसाठी, पेरुथ."

"मुलांसाठी मी एकदा केलं."

सर आणखी थोडा वेळ बसले. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून पाहिला, खाली ठेवला, आणि गेले. ते गेल्यावर मी तिला म्हणालो की राग किती दिवस धरायचा, मुलं तर दरवर्षी नवी येतात, त्यांना यातलं काय ठाऊक.

"राग नाही रे, इसाया," ती म्हणाली. "राग असता तर त्याला दाखवायला मी आजच बसून बांधलं असतं."

प्रयोगशाळेत आता परीक्षेची बाकं ठेवतात. पेरुथ चिपेचा विषय अजूनही शिकवते, फळ्यावर. ट्रान्झिस्टरची आकृती सुरेख काढते, एकही रेघ वाकडी नाही, मुलं ती उतरवून घेतात. गेल्या सत्रात एका मुलानं तास संपल्यावर तिला गाठून विचारलं की मॅडम, खरी चिप आखायची कशी, आपल्याला करता येईल का. ती हातावरचा खडू झटकत होती.

"पुस्तकात आहे," ती म्हणाली. "शेवटचा धडा बघ." आणि पुढच्या वर्गाकडे निघाली.